दिलीप वेंगसरकर : दुसऱ्याच्या मथळ्याखालचा फलंदाज

कसोटीवेडा

घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा वडिलांची कात्रणांची वही सापडली. जाड पुठ्ठ्याची, खळीने चिकटवलेली, कडा खाल्लेली. वडील गिरणगावातले, क्रिकेटचे भक्त. स्वतः फारसे खेळले नाहीत, पण कसोटी चालू असली की ट्रान्झिस्टर कानाला आणि दुसऱ्या दिवशी कात्री हातात.

मी वहीत दिलीप वेंगसरकर शोधत बसलो. लहानपणापासून तोच माझा फलंदाज. तासाभराने एक गोष्ट ध्यानात आली आणि रात्री नीट झोप लागली नाही. वेंगसरकरची जवळजवळ प्रत्येक मोठी खेळी वहीत आहे, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी मथळ्याखाली.

सुरुवातीपासूनच पाहा. जानेवारी १९७६, ऑकलंड, पहिली कसोटी. गावसकरबरोबर सलामीला पाठवलं, ७ आणि ६ धावा झाल्या. त्याच सामन्यात सुरिंदर अमरनाथने पदार्पणात शतक केलं आणि प्रसन्नाने एका डावात ८ बळी घेतले. एकोणीस वर्षांच्या मुलाकडे कोण बघणार?

मग ईडन गार्डन्स, १९७८-७९ ची मालिका, वेस्ट इंडिज. दुसऱ्या गड्यासाठी ३४४ धावांची अभंग भागीदारी. वेंगसरकर १५७ नाबाद, पण पलीकडे गावसकर १८२ नाबाद, आणि तेही पहिल्या डावातल्या शतकानंतर. एका कसोटीत दोन्ही डावांत शतक करायची गावसकरची ती तिसरी वेळ, जगात तोवर कुणी केलं नव्हतं असं काही. मथळा त्याचाच, आणि तो रास्तच होता.

दिल्ली, ऑक्टोबर १९८३. वेंगसरकर १५९. त्याच डावात गावसकरचं २९ वं शतक, ब्रॅडमनशी बरोबरी. अहमदाबाद, मार्च १९८७. पाकिस्तानविरुद्ध वेंगसरकर १०९. त्याच डावात गावसकरच्या दहा हजार धावा पूर्ण झाल्या. त्या दिवशी मोटेराला दुसरं कुणी शतक केलंय हे आज किती जणांना सांगता येईल?

नोव्हेंबर १९८७, पुन्हा दिल्ली. कपिलनंतर कर्णधार झालेल्या वेंगसरकरची ही नेतृत्वाची पहिली कसोटी. पहिला डाव ७५ मध्ये आटोपलेला. दुसऱ्या डावात कर्णधाराने १०२ काढल्या. चौथ्या डावात व्हिव्ह रिचर्ड्सने नाबाद १०९ करून सामना नेला.

शेवटची कसोटी फेब्रुवारी १९९२, पर्थ. ती आठवते सचिनच्या ११४ साठी.

मी कुणाबद्दल तक्रार करत नाही. गावसकर, कपिल, सचिन ही माणसं मोठीच होती. पण ११६ कसोट्या, ६८६८ धावा, १७ शतकं केलेल्या माणसाची ओळख आज ‘लॉर्ड्सवर तीन शतकं’ या तीन शब्दांत उरकली जाते, हे मला फार लागतं. लॉर्ड्स मोठंच आहे, त्याबद्दल खाली लिहितोच. पण त्या पाटीमागे सोळा वर्षं तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर उभा राहिलेला माणूस दिसेनासा झालाय.

आता लॉर्ड्स. १९७९ मध्ये भारताचा पहिला डाव ९६ मध्ये संपला, वेंगसरकर शून्यावर. इंग्लंडने ९ बाद ४१९ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात विश्वनाथ ११३, वेंगसरकर १०३, दोघांची २१० ची भागी, कसोटी वाचली. १९८२ मध्ये १२८ मध्ये गडगडून फॉलोऑन, मग वेंगसरकर १५७. सामना आपण हरलो, आणि गाजली ती कपिलची तडाखेबंद ८९. १९८६ मध्ये नाबाद १२६, शेवटचा गडी मनिंदर सिंग सोबतीला, आणि लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी विजय. परदेशी फलंदाजाने लॉर्ड्सवर तीन कसोटी शतकं करण्याची ती पहिलीच वेळ. सामनावीर? कपिल. विजयी षटकारही कपिलचाच.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंय, रेडिओवर ऐकलंय, त्यांनी लिहावं. लॉर्ड्स सोडून.

दादर_टीटी

धागा वाचून हातातला चहा गार झाला. मी हिंदू कॉलनीत वाढलो. वेंगसरकर आमच्याच भागातल्या किंग जॉर्ज शाळेचा, म्हणजे आताच्या राजा शिवाजी विद्यालयाचा. क्लब दादर युनियन. त्या क्लबची शिस्त आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कायम असायची. वेळेवर या, पांढरे कपडे स्वच्छ, आणि बाद झालात की पंचाकडे न बघता चालू पडा. गावसकरही तिथलाच.

लोक ‘मुंबईचा खडूस फलंदाज’ म्हणतात, पण वेंगसरकरला ते लेबल पुरतं बसत नाही. विकेट फेकणार नाही, इथपर्यंत तो खडूस. पण उंच देह, ताठ उभा राहायचा, आणि पुढचा पाय टाकून मिडऑनच्या बाजूने ड्राइव्ह मारला की चेंडू गवतावरून सरकत जायचा. तो ऑनड्राइव्ह आम्ही पोरं मैदानावर नुसत्या बॅटने, चेंडूशिवाय मारून बघायचो.

संत्रानगरी

वेंगसरकरच्या ‘कर्नल’ या टोपणनावाचं मूळ आमच्या नागपूरचं आहे, म्हणून लिहायलाच हवं.

१९७५ ची इराणी करंडकाची लढत, सिव्हिल लाइन्सचं विदर्भ क्रिकेट संघटनेचं मैदान. मुंबईविरुद्ध शेष भारत. समोर बेदी आणि प्रसन्ना, तेव्हाचे जगातले उत्तम फिरकीपटू. आणि हा पोरगेला मुलगा पुढे सरसावून त्यांना उचलून मारत होता. ११० धावा. जुन्या लोकांना भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंची आठवण झाली. नायडू मूळचे नागपूरचेच, आणि कर्नल. तेच बिरूद याला चिकटलं. माझे मामा ती खेळी बघायला कचेरीला दांडी मारून गेले होते, आणि पुढची तीस वर्षं लग्नात, मुंजीत, कुठेही बसले की ती खेळी सांगायचे.

म्हणजे गंमत बघा. ज्याला आपण आज भरवशाचा, संथ, डाव लावून धरणारा म्हणतो, त्याची पहिली ओळख फिरकीला उचलून मारणारा अशी होती. संघाची गरज पाहून त्याने स्वतःला आवरलं असणार. पुढे याच मैदानावर डिसेंबर १९८६ मध्ये लंकेविरुद्ध १५३ केल्या, तेव्हा मी आईबरोबर स्टँडात होते, शाळकरी. थंडी होती आणि आईने डब्यात तिळाच्या वड्या आणल्या होत्या. मामा पलीकडच्या स्टँडात. संध्याकाळी घरी आले तर आवाज बसलेला.

आकडेमोड

लेख आवडला, पण भावनेच्या भरात एक बाजू सुटू नये. १७ शतकांपैकी १३ भारतात, उरलेली चारही इंग्लंडमध्ये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, वेस्ट इंडिज, पाकिस्तान, लंका, यांपैकी कुठल्याही देशात एकही शतक नाही. दुसरं, ईडनच्या १५७ आणि त्याच मालिकेतल्या दिल्लीच्या १०९ धावा केल्या तेव्हा केरी पॅकरच्या बंडखोर खासगी स्पर्धेमुळे वेस्ट इंडिजचे बिनीचे गोलंदाज आलेच नव्हते. सरासरी ४२.१३. हे सगळं धरून मग मोठेपणा ठरवू या.

कसोटीवेडा

आकडेमोड, मुद्दे बरोबर आहेत आणि मी ते झाकणार नाही. परदेशातली शतकं इंग्लंडपुरती राहिली ही उणीव आहेच. अँटिगाला १९८३ मध्ये ९४ वर आणि कोलंबोला १९८५ मध्ये ९८ नाबादवर अडकला नसता तर यादी थोडी वेगळी दिसली असती. पण अडकला, हेच खरं.

पॅकरच्या मुद्द्यावर मात्र पुढचं वाचा. वेस्ट इंडिजविरुद्ध त्याची एकूण सहा शतकं. त्यातली दोन तुम्ही म्हणता त्या मालिकेतली. उरलेली चार? १९८३ मध्ये दिल्लीत १५९ आणि मुंबईत १००, समोर मार्शल आणि होल्डिंग. १९८७ मध्ये दिल्लीत १०२ आणि कोलकात्यात १०२, समोर पॅटरसन आणि वॉल्श. त्यांत दुबळा मारा कुठला?

आणि १९८३ च्या दिल्लीची एक पार्श्वभूमी आहे. त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात, ओव्हलवर, मार्शलचा चेंडू वेंगसरकरच्या तोंडावर बसला होता. टाके पडले. ३२ वर खेळत असताना मैदान सोडावं लागलं आणि त्या विश्वचषकात तो पुन्हा खेळू शकला नाही. म्हणजे लॉर्ड्सची बाल्कनी, करंडक, ते सगळं त्याच्या वाट्याला खेळाडू म्हणून आलं नाही. चार महिन्यांनी तोच मार्शल पुन्हा धावत येतोय आणि हा पुढचा पाय टाकून १५९ काढतोय. माझ्या वडिलांनी हे कात्रण चिकटवताना गावसकरच्या २९ व्या शतकाचा फोटो मोठा लावला, पण खालच्या धावफलकात वेंगसरकरच्या नावाखाली लाल पेन्सिलची रेघ आहे. तोंडावर मार खाल्लेल्या माणसाला पुन्हा पुढच्या पायावर जायला काय लागतं, हे लेदरच्या चेंडूने एकदा तरी खेळलेल्याला विचारा.

लीड्सकर

बावीस वर्षं यॉर्कशरमध्ये राहतोय. लॉर्ड्स सोडून लिहा म्हणालात, म्हणून आमच्या लीड्सचं मैदान, हेडिंग्ली.

इथले जुने लोक नाणेफेकीच्या वेळी खेळपट्टीकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघतात. ढग आले की चेंडू हवेत वळतो, टप्प्यावरून सटकतो, आणि ऊन पडलं की तीच खेळपट्टी शहाण्यासारखी वागते. १९८६ मध्ये लॉर्ड्सनंतरची कसोटी इथे झाली. चार डावांचे आकडे सांगतो : भारत २७२, इंग्लंड १०२, भारत २३७, इंग्लंड १२८. आपण २७९ धावांनी जिंकलो, मालिका खिशात घातली. रॉजर बिन्नीने पहिल्या डावात पाच बळी घेतले.

आता वेंगसरकर : ६१ आणि नाबाद १०२.

तो १०२ आकडा पुन्हा वाचा. इंग्लंडच्या अख्ख्या संघाला पहिल्या डावात जेवढ्या धावा जमल्या, बरोबर तेवढ्याच त्याने एकट्याने दुसऱ्या डावात केल्या, आणि तरी नाबाद परतला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम खेळी ही, लॉर्ड्सच्या तिन्हींहून वरची. लॉर्ड्सवर उतार आहे, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जवळजवळ अडीच मीटरचा, पण तो उतार रोज तिथेच असतो, त्याची सवय करता येते. हेडिंग्लीचं आभाळ दर तासाला बदलतं. इथे मात्र मथळा त्याचाच झाला, सामनावीरही तोच. तरी भारतात कुणाला विचारा, लॉर्ड्स सांगतील, लीड्स नाही.

त्या मालिकेत त्याच्या ३६० धावा, सरासरी ९०. पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाच्या पाच मानकऱ्यांत त्याचं नाव होतं.

इथल्या क्लबात माझ्या संघात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, आता फक्त धावफलक लिहितात. मी भारतीय, त्यातही मुंबईकडचा, हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘वेंगसरकर कसा आहे?’ सचिन नाही, कोहली नाही. ते तेव्हा हेडिंग्लीच्या पश्चिमेकडच्या बाकांवर बसले होते. म्हणाले, त्या दिवशी बाकी सगळे चेंडूला भेटायला जात होते आणि हा एकटा त्याची वाट बघत होता.

कांगालीग

लीड्सकरांनी मोठा मुद्दा दिलाय. मी कांगा लीगमध्ये ‘ई’ डिव्हिजनपासून पंधरा-सोळा वर्षं खेळलो, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

ही स्पर्धा १९४८ पासून, डॉ. कांगांच्या नावाने, ऐन पावसाळ्यात. जगात कुणी क्रिकेट खेळणार नाही अशा दिवसांत मुंबई खेळते. खेळपट्टी भिजलेली, मैदानात गुडघाभर गवत, चेंडू फुगलेला. मध्यमगती गोलंदाजाने नुसता टप्प्यावर टाकला तरी एक चेंडू घोट्याशी राहतो आणि दुसरा हनुवटीपाशी उडतो. जमिनीलगतचा फटका गवतात अडकतो. तिथे ३० धावा म्हणजे सुक्या विकेटवरचं शतक असं आम्ही धरायचो, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

अशा विकेटवर दोनच गोष्टी वाचवतात. पहिली, सोडायचा चेंडू सोडणं. दुसरी, खेळायचा चेंडू उशिरा खेळणं. हात आधी गेले की झेल. वेंगसरकरचं इंग्लंडमधलं यश लोक ‘उंची होती, पुढचा पाय लांब पडायचा’ असं सांगतात. ते खरंच आहे, उंच माणसाला वळण घेण्याआधी चेंडूपर्यंत पोचता येतं. पण पाय लवकर आणि बॅट उशिरा, ही जोडी त्याला जमली होती. पाय आणि बॅट एकदमच जाणारे आपले कितीतरी चांगले फलंदाज इंग्लंडमध्ये स्लिपला झेल देऊन आले. मला तरी वाटतं, ही जोडी आझाद मैदानाच्या चिखलात घडते. प्रशिक्षकाने सांगून येत नाही, तीन-चार वेळा शून्यावर बाद होऊन भिजत घरी जावं लागतं.

दुसरं, तिसऱ्या क्रमांकाबद्दल. सलामीवीराला निदान माहीत असतं की आपल्याला किती वाजता जायचंय. तिसऱ्याला पॅड बांधून बसायचं. पहिल्याच चेंडूवर जावं लागेल किंवा उपाहारानंतर. गावसकर असताना लोक म्हणायचे तिसऱ्याला काय, आरामच. पण दुसऱ्या बाजूचा सलामीवीर सारखा बदलत होता, हे विसरतात. गावसकरच्या सोबत्यांची यादी काढा, आणि मग नव्या चेंडूपुढे किती वेळा कुणाला जावं लागलं ते मोजा.

गल्लीत_उभा

कांगालीग यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के सहमती. तिसऱ्या क्रमांकाच्या नशिबाबद्दल थोडी भर घालतो, कारण माझी पिढी द्रविडची.

लॉर्ड्स १९९६, पदार्पण : गांगुली १३१, द्रविड ९५. टाँटन १९९९ : द्रविड १४५, गांगुली १८३. ईडन २००१ : द्रविड १८०, लक्ष्मण २८१. मूळ लेख वाचताना सारखं हेच डोक्यात येत होतं. फरक एवढाच, की द्रविड १६४ कसोट्यांत १३,२८८ धावांपर्यंत गेला, आणि तेवढ्या उंचीवर मथळे आपोआप येतात. वेंगसरकरच्या पाठीशी ती संख्या नाही. तरी एक लक्षात घ्या. १९९२ मध्ये तो थांबला तेव्हा भारताकडून कसोटीत त्याच्यापेक्षा जास्त धावा फक्त गावसकरच्या होत्या, आणि त्याच्यापेक्षा जास्त शतकंही फक्त गावसकरची. म्हणजे सचिनच्या आधीच्या भारतीय क्रिकेटमध्ये आकड्यांनी दुसरा. दुसऱ्या माणसाला आपण इतके कसे विसरलो?

आकडेमोड

वरचा आकडा तपासून पाहिला, बरोबर आहे. विश्वनाथच्या ६०८० धावा आणि १४ शतकं, म्हणजे वेंगसरकरच दुसरा.

माझ्या आधीच्या प्रतिसादाला जोडून आता दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आकडे काढत बसलो तेव्हा मलाच थांबावं लागलं. जून १९८६ ते डिसेंबर १९८७. लॉर्ड्स १२६ नाबाद, लीड्स १०२ नाबाद, मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध १६४ नाबाद, नागपूर १५३, कटक १६६, अहमदाबाद १०९, दिल्ली १०२, कोलकाता १०२. दीड वर्षात आठ शतकं, लंका धरून पाच वेगवेगळ्या देशांच्या गोलंदाजीवर. कटकची १६६ ही त्याची सर्वोच्च, आणि त्या सामन्यात लंकेचे दोन्ही डाव २०० च्या आत संपले. त्या काळात नव्याने निघालेल्या संगणकीय क्रमवारीत तो जगात पहिला होता. रिचर्ड्स, बॉर्डर, मियाँदाद, क्रो खेळत असताना पहिला!

आणि मग एक ओळ, जी लिहिताना हात अडला. कोलकात्याच्या त्या १०२ धावांनंतर कसोटीत एकही शतक नाही. चार वर्षं खेळला, नाही झालं.

दादर_टीटी

ती १०२ पूर्ण झालेली खेळी नाही, आकडेमोड. जखमी निवृत्त. विन्स्टन डेव्हिसचा चेंडू हातावर बसला, हाड मोडलं. पुढच्या मद्रासच्या कसोटीत शास्त्री कर्णधार झाला, हिरवाणीने पदार्पणात १६ बळी घेतले आणि भारताने मालिका बरोबरीत सोडवली. वेंगसरकर बाहेर बसून.

हात जुळला, पण त्यानंतर तो पूर्वीचा वेंगसरकर आम्हाला दिसला नाही, हे खरं. दुखापतीचा परिणाम, कर्णधारपदाचा, की वयाचा, कोण सांगणार. दहा कसोट्यांत नेतृत्व केलं, दोन जिंकल्या, त्या दोन्ही १९८८ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेतल्या. ८९ चा वेस्ट इंडिजचा दौरा वाईट गेला आणि कर्णधारपद गेलं. त्या भागाबद्दल मला जास्त लिहावंसं वाटत नाही. काही माणसं रांगेतच शोभतात, पुढे उभी राहून नाही.

थेरगावकर

मी पंचवीस वर्षांचा, त्यामुळे वेंगसरकर सरांना खेळताना पाहिलेलं नाही. पण थेरगावला त्यांची अकादमी आहे आणि मी तिथे तीन वर्षं सराव केला. ऋतुराज गायकवाड तिथूनच पुढे गेला. आम्हाला ते माहीत होते निवड समितीचे अध्यक्ष म्हणून. २००८ मध्ये कोहलीला पहिल्यांदा भारतीय संघात घेतलं तेव्हा अध्यक्ष तेच होते.

आमचे प्रशिक्षक नेटमध्ये ऑफस्टंपबाहेरचा सोडलेला चेंडूही मोजायचे. दिवसाखेर वहीत लिहायचं, किती खेळले, किती सोडले. मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं, सगळ्यांना टी-ट्वेंटी खेळायचं होतं. कांगालीग काकांचा प्रतिसाद वाचून आज कळलं ते कशासाठी होतं. प्रथमश्रेणीत सरांची ५५ शतकं आहेत हेही मला आत्ता शोधल्यावर कळलं.

एक विचारायचं होतं. वानखेडेवरच्या १९९१ च्या रणजी अंतिम सामन्याबद्दल मोठी माणसं बोलताना ऐकलंय, ते रडले होते म्हणतात. इथे कुणी तिथे होतं का?

दादर_टीटी

मी होतो. नॉर्थ स्टँड.

हरयाणाने मुंबईपुढे ३५५ चं लक्ष्य ठेवलं होतं, शेवटच्या दिवशी. कपिल देव त्यांचा कर्णधार. ३४ वर तीन गेले. मग अठरा वर्षांचा सचिन आला आणि ७५ चेंडूंत ९६ मारून गेला. स्टँड भरायला लागला. लोक कचेऱ्यांतून, चर्चगेटवरून चालत आले. सचिन गेल्यावर सगळ्यांना वाटलं संपलं.

वेंगसरकर उभा होता. पस्तिशीचा, पायात गोळे आलेले, त्याच्याऐवजी धावायला लालचंद रजपूत. तोवर आम्ही त्याला डाव लावून धरताना बघत आलो होतो, आणि त्या दुपारी इराणीचा तो जुना पोरगा परत आला. उचलून मारत होता. शेवटचा गडी अ‍ॅबी कुरुविला आला तेव्हा पन्नासेक धावा हव्या होत्या. कुरुविला आमचा गोलंदाज, फलंदाजीत त्याच्याकडून कुणी काय अपेक्षा करणार. पण तो टिकला. एकेक धाव कमी होत गेली. शेजारी एक अनोळखी म्हातारे बसले होते, त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं आणि सोडायलाच तयार नव्हते.

तीन हव्या होत्या. कुरुविला धावचीत.

दोन धावांनी हरलो. वेंगसरकर १३९ नाबाद. तो तिथेच, मैदानावर, मान खाली घालून रडला. थेरगावकर, तू ऐकलंस ते खरं आहे. भारतासाठी शंभरावर कसोट्या खेळलेला माणूस, जगातला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज झालेला माणूस, आणि मुंबईला रणजी मिळाली नाही म्हणून हजारो लोकांसमोर डोळे पुसत होता. हरयाणाचे खेळाडू नाचत होते, त्यांचा पहिलाच करंडक होता, त्यांचं बरोबरच होतं. आम्ही बराच वेळ उठलो नाही. म्हाताऱ्यांनी मनगट सोडलं तेव्हा बोटांचे वळ उमटले होते.

संत्रानगरी

वाचताना डोळे भरून आले. मामा असते तर त्यांना फोनवर वाचून दाखवलं असतं.

लीड्सकर

कसोटीवेडा, वहीत १९८६ च्या लीड्सचं कात्रण असेल तर कृपया फोटो टाका. आमच्या धावफलक लिहिणाऱ्या आजोबांना दाखवायचा आहे. मराठी वाचता येत नाही त्यांना, पण आकडे कळतील.

कसोटीवेडा

टाकतो. शनिवारी उजेडात नीट काढतो, कागद फार पिवळा पडलाय. लीड्सचं पान आहे, पूर्ण धावफलकासकट.

दादर_टीटी, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मे १९९१ चं पान उघडून पाहिलं. मथळा हरयाणाचा, फोटो करंडकासह कपिलचा. वडिलांनी तो फोटो कापताना कडेचा भाग सोडलेला नाही. कोपऱ्यात, फोटोच्या चौकटीत अर्धा आलेला, पॅड बांधलेला कुणीतरी खाली बसलाय. चेहरा दिसत नाही. त्याच्यावर लाल पेन्सिलने लिहिलंय : १३९.